माळवदाची दुरुस्ती : मातीचे ओझे आणि भिंतीची बांधणी

रब्बीची मळणी आटोपलेली असते, धान्य घरात येऊन पडलेले असते आणि खरिपाच्या पेरणीस अजून अवकाश असतो. असे चैत्र-वैशाखाचे दिवस म्हणजे खेड्यातील घरदुरुस्तीचे दिवस होत. लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर या जिल्ह्यांत माळवदाची घरे अद्याप पुष्कळ आहेत. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच म्हणजे आडव्या फळकांड्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, अशी या घरांची ठेवण असते. काही भागांत यांसच धाब्याची घरे म्हणतात. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी माळवदावर नवी माती घालावयाची, ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. प्रस्तुत लेखात या चालीचाच विचार करावयाचा आहे. गळती थांबावी म्हणून आपण जी माती दरसाल वर चढवितो, ती खाली उतरविण्याची मात्र आपणास आठवण राहत नाही, आणि घरास धोका पोचतो तो बहुधा येथूनच.

शेतीच्या पत्रिकेत घराच्या दुरुस्तीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु पुढील हंगामाचे बियाणे, वर्षाचे धान्य, बैलजोडी व दुभते जनावर ही सर्व त्याच छपराखाली असतात. शेतकऱ्याचे घर हे त्याच्या शेतीच्या साधनांपैकीच एक आहे, असे समजूनच पुढील मजकूर वाचावा.

एका इंचाचे वजन

मातीचे वजन किती असते याचा अंदाज सहसा कोणी करीत नाही. ठोकून बसविलेल्या कोरड्या मातीचे वजन घनफुटास सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे एक चौरस फूट जागेवर एक इंच मातीचा थर दिला, तर पावणेचार किलो वजन वाढले. आता दहा फूट रुंद व वीस फूट लांब अशी एक खोली घ्या. तिचे छत दोनशे चौरस फूट. तिच्यावर एक इंच माती टाकली की साडेसातशे किलो, म्हणजे पाऊण टन भार वाढतो. पावसाने यातील काही माती वाहून जाते हे खरे; परंतु घातलेली सर्व माती वाहून जात नाही. ती तशी जात असती, तर जुन्या माळवदांवर दोन-दोन फुटांचे थर साचलेच नसते. दोन फुटांच्या थराचा हिशेब केला, तर याच खोलीवर अठरा टन माती होते, आणि हे कोरड्या मातीचे वजन झाले. झडीच्या पावसात पाणी मुरले म्हणजे त्यात आणखी भर पडते. तुळया व कड्या जेव्हा बसविल्या गेल्या, तेव्हा त्या इतक्या भारासाठी बसविलेल्या नव्हत्या. शिवाय त्या वेळी त्यांचे लाकूड नवे होते.

लोहारा तालुक्यातील एका गावी बियाण्याच्या उगवणशक्तीची चाचणी दाखविण्यासाठी गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याच्या घरी माळवद उकरण्याचे काम चालू होते. पाण्याची पन्हाळ बदलावयाची म्हणून कडेची माती त्यांनी उभी कापली होती. त्या कापलेल्या कडेत करड्या व पिवळसर रंगांचे पट्टे एकावर एक स्पष्ट दिसत होते. मी बोटाने मोजू लागलो तो चौदा-पंधरा पट्टे भरले आणि पुढे ते एकमेकांत मिसळून गेले. "आजोबा, ही माती कधी काढली होती का?" असे विचारले. ते म्हणाले, "काढायची कशाला, साहेब? गळालं की दोन गाड्या टाकायच्या. माझ्या बापानं टाकली, मी टाकतो." मग थोडे थांबून म्हणाले, "तेवढंच गार राहतं बघा घर."

त्यांचे दुसरे म्हणणे अगदी खरे आहे व ते विसरून चालणार नाही. माळवदाचे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहते. पत्र्याच्या घरात वैशाखातील दुपार काढणे म्हणजे काय, हे ज्याने काढली आहे त्यासच ठाऊक. म्हणून माळवदे पाडून सरसकट पत्रे घाला, असे मी कोणास सांगणार नाही. थंडाव्यासाठी मातीचा थर हवा. पण तो दोन फुटांचा असण्याचे कारण नाही. सहा ते आठ इंचांचा, नीट उताराचा व पाणी न मुरणारा थर पुरेसा होतो.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन करून लोक उशिरा निजले होते. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मुख्यत्वे हानी झाली आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा गणला जात असे. भूकंपाची तीव्रता ६ हून थोडी अधिक होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसे मरण्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. बहुतेक माणसे आपापल्या घरातच, दगडांखाली व माळवदाच्या मातीखाली गाडली गेली.

याची कारणमीमांसा शेतकऱ्यास बैलगाडीवरून सहज समजेल. भरधाव गाडीचे बैल एकदम थांबले, तर गाडीतील पोती पुढे झेपावतात. पोती जितकी अधिक व जितकी उंच रचलेली, तितका हा झोका जबर. भूकंपात जमीन आडवी हलते व घराच्या डोक्यावरील भार मागे राहू पाहतो. तो भार जितका जड, तितका भिंतींवर आडवा जोर अधिक येतो. मातीत बांधलेल्या दगडी भिंती उभा भार पेलतात. आडवा जोर मात्र त्यांस सोसत नाही. त्यातून ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांपैकी कित्येकांच्या भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, असे पाहणीत आढळून आले. लाकडाच्या चौकटीची पद्धत वाईट नव्हती. तिच्यावर लादलेले ओझे आणि तिच्या भोवतालच्या भिंतींची बांधणी सदोष होती.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांतील घरांच्या दुरुस्तीसाठी व मजबुतीसाठी शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेतला. परंतु अनेक कुटुंबांनी त्या साहाय्यातून जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी विटांची किंवा सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडाच्या घराची धास्ती बसलेली होती, त्यामुळे त्यांस दोष देता येत नाही. तथापि जुने माळवद तसेच राहिले, त्यात पुढे धान्य ठेवले गेले, जनावरे बांधली गेली, आणि काही वर्षांनी भीती ओसरल्यावर माणसेही पुन्हा त्याखाली निजू लागली. माझ्या फिरतीत आजही हेच दृश्य दिसते. शिवाय भूकंप व्हावयासच हवा असे नाही. चार दिवसांची झड लागली की मराठवाड्यात कोठे ना कोठे भिंत पडून माणूस दगावल्याची बातमी दर पावसाळ्यात येते.

काम काढण्यापूर्वी पाहणी

माती उतरविण्याच्या आधी घर खालून व बाहेरून नीट पाहून घ्यावे. यास अर्धा दिवस पुरतो. एक टोकदार लोखंडी सळई, एक ओळंबा व एक शिडी एवढे साहित्य पुरे.

प्रथम लाकूड पाहावे. तुळई मध्यभागी सहसा किडत नाही. ती किडते भिंतीत घुसलेल्या टोकाशी, कारण तेथे ओल असते व वारा लागत नाही. त्या टोकाशी सळई दाबून पाहावी. ती सहज अर्धा इंच आत गेली, तर लाकूड निकामी झाले असे समजावे. खांबाचा तळही असाच तपासावा. खांब तळखड्यावर उभा असेल तर बहुधा ठीक असतो. जमिनीत पुरलेला असेल तर वाळवीचे भक्ष्य होण्याची शक्यता फार. भिंतीवरून लाकडाकडे जाणाऱ्या वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्यास त्या केवळ पुसून टाकू नयेत. त्या कोठून निघतात ते शोधावे. तुळई मध्यभागी वाकली असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बाक मोजावा व तो भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावा.

नंतर भिंती. ओळंबा सोडून पाहिले असता भिंतीचा मधला भाग बाहेर आलेला दिसला, म्हणजे भिंतीने पोट काढले असेल, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. याचे कारण भिंतीच्या रचनेत आहे. दोन फुटांची जाड भिंत ही पुष्कळदा एक भिंत नसतेच. आतील अंगास एक दगडी थर, बाहेरील अंगास दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व मातीची भर, अशी ती असते. दोन्ही अंगांना जोडणारे लांब दगड गवंड्याने घातले नसतील, तर ही दोन अंगे एकमेकांस धरून राहत नाहीत. वरून पाणी मुरले की मधली भर फुगते व खाली बसते, आणि बाहेरचे अंग सुटू लागते. बाहेरून गिलावा चांगला दिसत असल्यामुळे घरधन्यास त्याचा पत्ता लागत नाही.

भेगांचेही अर्थ निरनिराळे आहेत. कोपऱ्यात उभी व वर रुंद, खाली निमुळती अशी भेग असेल, तर दोन भिंती एकमेकींपासून सुटत आहेत. तुळईच्या बरोबर खाली भेग असेल, तर भार अधिक झाला आहे. तिरपी भेग बहुधा पाया खचल्याचे लक्षण होय. काळ्या जमिनीवरील घरांत भेगा उन्हाळ्यात रुंदावतात व पावसाळ्यात मिटतात, कारण काळी माती वाळली की आकसते व भिजली की फुगते. अशा भेगा वैशाखात सिमेंटने गच्च भरणे ही चूक आहे. पावसाळ्यात माती फुगली की भिंत दुसरीकडे फुटते. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तीवर तारीख घालावी. पट्टी फाटली तर भेग अजून वाढते आहे.

पोट काढलेली भिंत, हाताचे बोट जाईल एवढी भेग किंवा टोकाशी कुजलेली तुळई यांपैकी काहीही आढळल्यास त्या खोलीत निजणे त्याच दिवशी बंद करावे आणि पंचायत समितीकडील अभियंत्यास घर दाखवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा घरांची यादी पावसाळ्यापूर्वी करून ठेवणे फार उपयोगी पडेल.

माती उतरविणे

हे काम दिसते सोपे, पण निष्काळजीपणाने केल्यास छत कामाच्या वेळीच कोसळू शकते. म्हणून क्रम चुकवू नये.

घरातील धान्य, भांडी व जनावरे बाहेर काढावीत. प्रत्येक तुळईखाली मध्यभागी व दोन्ही टोकांजवळ लाकडी टेकू द्यावेत. टेकूच्या बुडाशी व माथ्याशी फळी ठेवून पाचर मारून तो घट्ट करावा. मात्र पाचर इतकी ठोकू नये की तुळईच उचलली जाईल. वाकलेली तुळई सरळ करण्याचा खटाटोप या वेळी करू नये. भार उतरल्यावर ती काही अंशी आपोआप वर येते.

माती संपूर्ण माळवदावरून चार-चार इंचांच्या थरांनी काढावी. एका कोपऱ्यात थेट किलचापर्यंत खणत जाऊन मग दुसरीकडे वळणे धोक्याचे आहे, कारण एका बाजूचा भार गेला व दुसऱ्या बाजूचा राहिला, तर चौकट तिरपी होते. काढलेल्या मातीचा ढीग माळवदावर करू नये. टोपली भरली की लगेच खाली द्यावी. एका खणावर तीन-चार माणसांहून अधिक चढू नयेत. तोंडास फडके बांधावे. खालचे थर काढताना विंचू व क्वचित साप निघतात, तेव्हा किलचात हात घालण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे.

किलच उघडे पडल्यावर कुजलेल्या फळकांड्या व कड्या बदलाव्यात. तुळईचे टोक कुजले असेल व ती बदलण्याची ऐपत नसेल, तर भिंतीस लागून तिच्याखाली नवा खांब द्यावा व तो सपाट तळखड्यावर उभा करावा. तुळई बदलण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि माझ्या मते अधिक चांगलाही, कारण भार भिंतीवरून खांबावर येतो. खांब व तुळई जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंस तिरपे लाकडी टेके देऊन ते बोल्टने किंवा लोखंडी पट्टीने जखडावेत. चौकट आडव्या झोक्यास टिकण्यासाठी या टेक्यांचा फार उपयोग होतो. केवळ खिळ्यांवर भिस्त ठेवू नये.

नवा थर

किलचावर पूर्वीप्रमाणे कडुनिंबाचा पाला अंथरावा व तीन ते चार इंच माती घालून ती पाणी शिंपून चोपावी. येथेच उतार काढून घ्यावा. दहा फुटांस तीन इंच उतार पुरतो. ही माती वाळल्यावर तीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा. शेततळ्यास ५०० मायक्रॉनचा जो कागद वापरतात, त्याचे उरलेले तुकडे गावात कोणाकडे तरी असतातच. ते या कामास उत्तम. तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्यावर निदान एक फूट चढला पाहिजे, आणि कौलांप्रमाणे उताराच्या वरच्या बाजूचा तुकडा वर असला पाहिजे. उलट जोडल्यास पाणी सांध्यातून आत जाईल व गळती कोठून होते हे पुढे कळणारही नाही. कागदाची कड पन्हाळीच्या तोंडात उतरवावी. त्यावर चिरलेला कडबा किंवा गव्हाचे काड मिसळलेल्या, चार दिवस कुजविलेल्या मातीचा तीन ते चार इंचांचा थर द्यावा. कागद कोठेही उघडा राहू नये, कारण उन्हाने तो तडकतो.

याप्रमाणे केल्यास वर सांगितलेल्या दहा बाय वीस फुटांच्या खोलीवर आठ इंच माती, म्हणजे सुमारे सहा टन भार राहतो. अठरा टनांपैकी बारा टन भार उतरला. पुढील वर्षी वरचा थर झिजला, तर झिजला असेल तेवढीच माती घालावी. याची मोजदाद राहावी म्हणून कठड्याच्या आतील बाजूस आठ इंचांवर चुन्याची एक रेघ ओढून ठेवावी व रेघेवर माती जाऊ देऊ नये. त्या आजोबांच्या घरी पुढे तसेच करण्यात आले. रेघ ओढली ती त्यांच्या सुनेने, आणि "आता रेघेच्या वर टोपली गेली तर मी बोलेन" असे तिने सर्वांदेखत बजावले. या कामी घरातील बायकांना आधी पटवावे, असा माझा अनुभव आहे. गळक्या छताखाली चूल त्यांनाच पेटवावी लागते.

भिंतीची दोन अंगे जोडणे

भार उतरल्यावर भिंतीकडे वळावे. पोट न काढलेल्या, पण आरपार दगड नसलेल्या भिंतीस मागाहूनही सांधता येते. किल्लारीनंतर या पद्धतीचा प्रचार पुष्कळ झाला, पण ती पुरेशी रुजली नाही. तिची कृती अशी :

भिंतीवर आडवे व उभे सुमारे तीन-तीन फुटांच्या अंतराने खुणा कराव्यात; एका ओळीतील खुणा वरच्या ओळीतील खुणांच्या मधोमध याव्यात. खुणेच्या जागी दगडाभोवतीची माती हळूहळू खरवडून तो दगड अलगद सैल करून ओढून काढावा. घणाचे घाव घालू नयेत; हादऱ्याने आतील भर सुटते. दुसऱ्या अंगापर्यंत तीन इंच व्यासाचे भोक आरपार करावे. भोक दोन्ही तोंडांशी थोडे रुंद व मध्ये अरुंद राहिले तर उत्तमच. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी असे काँक्रीट भोकात अर्ध्यापर्यंत भरावे, त्यावर दोन्ही टोके वाकविलेली ८ मिलिमीटर जाडीची सळई ठेवावी व उरलेले भोक काँक्रीटने भरून टाकावे. सळईचे टोक उघडे राहू नये, ते गंजते. दहा दिवस पाणी शिंपडावे. एका वेळी शेजारशेजारची भोके पाडू नयेत. एक सोडून एक घ्यावे.

पोट काढलेल्या भिंतीस मात्र हा उपाय लागू नाही. तेथे छत टेकूंवर तोलून धरून भिंतीचा तेवढा भाग उतरवावा व पुन्हा बांधावा. नव्या बांधकामात भिंत दीड फुटाहून जाड करण्याचे कारण नाही. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, हा समज किल्लारीत खोटा ठरला. दर दोन फूट उंचीस व आडव्या चार फुटांहून अधिक अंतर न ठेवता एक आरपार दगड घालावा. तेवढा लांब दगड न मिळाल्यास वरीलप्रमाणे सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा आधी ओतून तयार ठेवावा. कोपऱ्यातील दगड दोन्ही भिंतींत आळीपाळीने गुंफले गेले पाहिजेत. गवंडी काम करीत असताना घरच्या कोणीतरी तेथे उभे राहून आरपार दगड मोजावेत. एकदा भिंत वर गेली की आत काय आहे हे कोणास दिसत नाही.

दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींभोवती लोखंडी जाळी व सिमेंटचा पट्टा देण्याचीही एक पद्धत आहे व ती फार परिणामकारक आहे. परंतु ती अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये. दगडमातीच्या व कच्च्या घरांसंबंधीचे नियम भारतीय मानक १३८२८ व १३८२७ या १९९३ च्या दोन पुस्तिकांत दिलेले आहेत.

पाणी आणि गिलावा

पन्हाळीचे पाणी भिंतीपासून निदान तीन फूट दूर पडेल अशी पन्हाळ लांब असावी. मोरीचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नये. शोषखड्डा काळ्या जमिनीत असेल तर घरापासून चांगला दूर घ्यावा, नाहीतर पाया एका बाजूस फुगतो. जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा मुरुमाचा पट्टा बाहेरच्या बाजूस उतार देऊन चोपावा. धान्याची पोती भिंतीपासून फूटभर अलग व फळ्यांवर रचावीत. ओल लागलेल्या पोत्यातील बियाणे उगवत नाही, याची तक्रार दर जूनमध्ये आमच्याकडे येते व दोष बियाण्यास दिला जातो.

दगडमातीच्या भिंतीस आतून व बाहेरून दोन्हीकडे सिमेंटचा गिलावा करण्याची हल्ली हौस दिसते. तो मातीशी एकजीव होत नाही, आतील ओल कोंडून धरतो व चार-पाच वर्षांत पोपडे येऊन पडतो. बाहेरून दगडांच्या दरजा सिमेंटने भरावयाच्या असल्यास भराव्यात, पण आतून मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा ठेवावा. पावसाचा मारा बसणाऱ्या मातीच्या भिंतीस डांबरमिश्रित गिलावा चांगला टिकतो. त्यासाठी दीड किलो ८०/१०० प्रतीचे डांबर १५ ग्रॅम मेणासह वितळवावे व ते ३०० मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ढवळत ओतावे. हे मिश्रण काड घालून कुजविलेल्या एक घनफूट चिखलात तुडवून घ्यावे. रॉकेलचे भांडे चुलीपासून दूर ठेवूनच हे काम करावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. वाळल्यावर वरून शेण-मातीचा हात फिरविला म्हणजे काळा रंग झाकला जातो.

उतरविलेल्या मातीचे काय करावे

एका घराची पाच-सहा गाड्यांहून कितीतरी अधिक माती निघते आणि ती पुष्कळदा भिंतीलगतच टाकली जाते. तसे केल्याने जोते बुजते व पाणी भिंतीत शिरते. ती त्याच आठवड्यात हलवावी. माळवदावरची ही माती मूळची गावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची असते. अशा मातीत पिकास उपयोगी द्रव्ये असल्यामुळे ती शेतात घालण्याची जुनी वहिवाट आहे. मात्र कित्येक ठिकाणी माळवदासाठी मुद्दाम खारी माती आणलेली असते व ती शेतात गेल्यास अपाय होतो. तेव्हा ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून, वरची व खालची अशी, थोडी थोडी माती घेऊन एकत्र करावी व त्यातील अर्धा किलो नमुना कापडी पिशवीत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा. पिशवीवर 'माळवदाची माती, क्षार पाहावेत' असे लिहावे. क्षारांचे प्रमाण योग्य असल्याचा निर्वाळा आल्यास रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वी ती हलक्या जमिनीत पातळ पसरून वखराने मिसळून घ्यावी.